रोमन जहाजं ‘नऊ दिवसांत इजिप्त’ गाठायची, पण एकाच दिशेने

‘रोमन मालवाहू जहाजं रोम ते इजिप्त ही ये-जा ९-९ दिवसांत करत,’ असा मजकूर सध्या फिरतो आहे. त्यातला ९ हा आकडा खरा आहे, पण तो अर्धाच सांगितला जातो.

तो आकडा पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी याचा. नेपल्सजवळच्या पुतेओली बंदरातून इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाला एक जहाज अगदी मंद वाऱ्यावर नवव्या दिवशी पोचलं, असं त्याने लिहिलं आहे. अंतर सुमारे १,००० सागरी मैल, म्हणजे वेग साधारण साडेचार नॉट (तासाला साडेचार सागरी मैल). पण प्लिनी हे कौतुकाने सांगतोय, त्यामुळे हा विक्रम समजावा, नेहमीचं वेळापत्रक नव्हे.

खरी गोष्ट परतीची आहे. उन्हाळ्यात भूमध्य समुद्रावर वारा वायव्येकडून वाहतो. जाताना तो पाठीशी असतो, तर येताना थेट तोंडावर. मोठं चौकोनी शीड आणि पोटात गच्च भरलेला गहू अशा जहाजाला वाऱ्याविरुद्ध नाकासमोर जाता येत नाही. मग सायप्रस, आशिया मायनरचा (आजच्या तुर्कस्तानचा) दक्षिण किनारा, क्रीट असा वळसा पडे, वेग दोन नॉटच्या आसपास येई आणि महिना-दोन महिने सहज लागत. दुसऱ्या शतकातला ग्रीक भाषेत लिहिणारा लेखक लुसियन याने वर्णन केलेलं ‘आयसिस’ हे धान्याचं जहाज तर अलेक्झांड्रियाहून निघून, वाऱ्याने भरकटत, सत्तराव्या दिवशी अथेन्सच्या पिरेयस बंदराला लागलं. इटली अजून पुढेच होती!

म्हणून कृपया तो मजकूर पुढे पाठवताना ‘ये-जा’ हा शब्द काढा.