स्टॉपवॉचवाला आणि स्क्रीनशॉटवाले

आमच्या फॅमिली ग्रुपवर गेल्या आठवड्यात पुन्हा तेच सुरू झालं. कोणीतरी ती बातमी टाकली, राज्याच्या मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये ऑफिस-दुकानांसाठी दिवसाला नऊचे दहा तास आणि कारखान्यांसाठी नऊचे बारा तास मंजूर केले ती. मग त्याखाली ओघानेच नारायण मूर्तींचे आठवड्याचे सत्तर तास, एल अँड टीच्या सुब्रह्मण्यन साहेबांचे नव्वद तास, रविवारी बायकोकडे किती वेळ बघणार वगैरे सगळं येऊन गेलं. आणि मग माझा धाकटा मावसभाऊ, जो ऐरोलीला डिलिव्हरी मॅनेजर आहे, त्याने लिहिलं की तास-बिस सोडा हो, आउटपुटचं बोला, माझ्या टीमच्या लॅपटॉपवर ट्रॅकर टाकलाय, दर दहा मिनिटांनी स्क्रीनशॉट येतो, ज्याला लपवायचं काही नाही त्याला भीती कसली. मामांचा अंगठा, मावशीचे जोडलेले हात, आणखी कोणाचं तरी "अगदी बरोबर".

मला खरंतर गप्प बसायचं होतं. पण नाही बसवलं. मी लिहिलं की इथे जर्मनीत असं केलं तर कंपनीच गोत्यात येते, २०१७ मध्ये फेडरल लेबर कोर्टापुढे नेमकी हीच केस होती, एका वेब डेव्हलपरच्या कॉम्प्युटरवर कीलॉगर, म्हणजे दाबलेली प्रत्येक कळ नोंदवणारं सॉफ्टवेअर, टाकलेला, स्क्रीनशॉटसुद्धा घेत होतं ते सॉफ्टवेअर, पठ्ठ्या कामाच्या वेळात गेम बनवत होता आणि ते त्याने थोडंफार कबूलही केलं होतं, तरी कोर्टाने सांगितलं की ठोस संशय नसताना अशी पाळत ठेवून मिळवलेला पुरावा चालणार नाही, आणि त्याला काढून टाकणं बेकायदा ठरलं. दोन मिनिटांत उत्तर आलं. "ताई, तुमच्याकडे चालतात ही थेरं. आपल्याकडे असं केलं तर काम कोण करणार?"

झालं. तुमच्याकडे! अरे मी कळव्याची पोरगी, तू डोंबिवलीहून ठाण्याला राहायला आलास त्याच्या आधीपासून ठाणे-बेलापूर रोड मला पाठ आहे.

मुद्दा रागाचा नाहीये, म्हणजे आहे, पण त्याहून मोठा मुद्दा हा की हे "तुमच्याकडचं" नाहीच मुळी. माझे बाबा त्याच रोडवर एका कंपनीत वाइंडिंग सेक्शनला होते, मोटरच्या कॉइल भरायचे. तिथे टाइम स्टडी व्हायची. हातात क्लिप लावलेला बोर्ड आणि स्टॉपवॉच घेऊन एक आयई म्हणजे इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग डिपार्टमेंटचा माणूस मशीनशेजारी उभा राहायचा आणि एक कॉइल भरायला किती मिनिटं लागतात ते लिहून घ्यायचा. पण तो एकटा नसायचा. त्याच्या बाजूला युनियनचा एक माणूस उभा, त्याच्याकडेही घड्याळ. करारात तसं कलमच होतं, बाबांनी तो सायक्लोस्टाइल केलेला करार माळ्यावरच्या ट्रंकेत ठेवला होता, मी वाचलाय. नॉर्म, म्हणजे एका कामाला धरायचा वेळ, कसा ठरणार, घेतलेल्या वेळेवर थकव्याचा, लघवीला जायचा, मटेरियलची वाट बघण्याचा किती टक्के वेळ धरणार, मशीन बदललं तर री-स्टडी कधी, नॉर्म पटला नाही तर तक्रार कोणाकडे, सगळं लिहिलेलं आणि खाली दोन्ही बाजूंच्या सह्या. बाबा सांगायचे की घड्याळवाला आला की सगळे पुस्तकातल्यासारखं काम करायचे, ग्लोव्ह घालून, प्रत्येक वेढा गेजने तपासून, एकदम संथ. त्या साहेबालाही ते माहीत असायचं, मग तो त्याच्या हिशोबाने रेटिंग लावून वेळ कापायचा, मग युनियनवाला भांडायचा, मग चहा. असं करत करत आकडा ठरायचा. कोणालाच तो पूर्ण पटायचा नाही, पण तो कुठून आला हे प्रत्येकाला ठाऊक असायचं.

कामाच्या अटी बदलायच्या, शिस्तीचे नवे नियम आणायचे, तर इंडस्ट्रियल डिस्प्यूट्स ॲक्टखाली आधी ९-ए ची नोटीस द्यायला लागायची, एकवीस दिवसांची. बाबांच्या तोंडी ते "नाइन-ए" इतकं सहज असायचं की लहानपणी मला ती बसची पाटी वाटायची. महाराष्ट्रात तर १९७१ चा स्वतंत्र कायदा होता युनियनच्या मान्यतेसाठी. हे सगळं आपल्याकडेच होतं राव, ठाण्यात, कळव्यात, स्टटगार्टला यायच्या आधी.

आता मामा लगेच म्हणणार, आणि म्हणालेच, की त्याच युनियनबाजीने कंपन्या बंद पाडल्या, दत्ता सामंतांनी गिरण्यांचं काय केलं बघितलं ना. मामा, १९८२ चा गिरणी संप हे एक प्रकरण झालं, त्यावर हजार मतं आहेत, पण वागळे इस्टेटच्या शेडच्या जागी काचेच्या बिल्डिंगी आल्या त्यात जमिनीच्या भावाचा काहीच हात नव्हता का? आणि समजा युनियनने वाट लावली असं धरून चाललं, तरी त्यावर उपाय म्हणून दर दहा मिनिटांनी स्क्रीनशॉट कसा काय निघतो ते मला कोणी समजावून सांगा.

इथे काय असतं ते सांगते. आमच्याकडे बेट्रीब्सराट आहे, म्हणजे कंपनीतल्या लोकांनी स्वतःतून निवडून दिलेलं मंडळ. १९७२ च्या कायद्याचं ८७ वं कलम म्हणतं की कामगाराच्या वागण्यावर किंवा कामावर नजर ठेवू शकेल असं कुठलंही यंत्र बसवायचं तर बेट्रीब्सराटशी ठरवून बसवायचं, आणि कोर्टांनी याचा अर्थ इतका ताणलाय की यंत्र त्यासाठीच आणलंय की नाही याच्याशी मतलब नाही, नजर ठेवता येते एवढं पुरे. ९४ वं कलम म्हणतं की मूल्यमापनाचे सर्वसाधारण निकष कंपनीने एकटीने ठरवायचे नाहीत. आणि ८३ व्या कलमाने मी माझी फाइल कधीही मागून बघू शकते, त्यातलं काही पटलं नाही तर माझं म्हणणं लिहून त्याला जोडू शकते, जोडावंच लागतं त्यांना. आमच्या करारात तिकिटांचे, म्हणजे सिस्टिममध्ये नोंदलेल्या तक्रारी-कामांचे, आकडे टीमचे दिसतात, माणसाचे नाही. वर्षातून एकदा गप्पा, फॉर्म दोघांनी मिळून भरायचा, बेल कर्व्ह, म्हणजे ठरावीक लोकांना खाली टाकायचंच असा हिशोब, वगैरे काही नाही.

याने स्वर्ग अवतरलाय असं नाही हं. साधं चॅटचं टूल आणायला वर्षभर मीटिंगा चालल्या होत्या. माझ्या समोर एक महाशय बसतात त्यांनी शेवटचं काम नक्की कधी केलं ते इतिहास संशोधकांना विचारायला लागेल, आणि त्यांना कोणी काही बोलू शकत नाही, शुक्रवारी दीडला त्यांची कार पार्किंगमधून गेलेली असते. मी कधीकधी मनात म्हणते, यांना एक महिना ऐरोलीला पाठवा.

आणि एक गोष्ट मी ग्रुपवर मुद्दाम लिहिली नाही. २०२३ मध्ये हानोव्हरच्या कोर्टाने विन्सेनच्या ॲमेझॉन गोदामात हातातल्या स्कॅनरवरून प्रत्येक कामगाराची मिनिटा-मिनिटाची नोंद ठेवायला परवानगी दिली. म्हणजे इथेही चालतं, गोदामात चालतं. ते लिहिलं असतं तर मावसभावाने तिथेच मला आडवी केली असती. त्याऐवजी मी एच अँड एमला २०२० मध्ये बसलेला साडेतीन कोटी युरोंचा दंड टाकला, न्यूर्नबर्गच्या सेंटरमध्ये साहेब लोक स्टाफच्या आजारपणाच्या आणि घरगुती अडचणींच्या नोंदी ठेवायचे म्हणून झालेला. त्याला चार अंगठे मिळाले. मामांचासुद्धा.

पण तिकडच्या लोकांचं मला खरंच कळत नाही. वाद घालतात तो तासांवर. सत्तर की नव्वद की दहा. २०२३ चा डेटा प्रोटेक्शनचा कायदा आला, त्यात नोकरीच्या कारणासाठी, कंपनीचं नुकसान टाळण्यासाठी माहिती वापरायची तर कर्मचाऱ्याची संमतीच लागत नाही, यावर आमच्या ग्रुपमध्ये एक मेसेज नाही. नवे लेबर कोड नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाले, तर चर्चा कशाची, इन-हँड पगार कमी होणार का. आयटीवाला कामगार आहे की नाही यावरच अजून घोळ, आणि आयटीवाल्याला स्वतःला कोणी कामगार म्हटलं तर राग येतो. मलाही यायचा. महाप्याला पहिली नोकरी लागली तेव्हा गळ्यात बॅज अडकवून मी घरी बाबांना ऐकवलं होतं की आमच्यात युनियन नसते, आमच्यात मेरिट असतं. बाबा पेपर वाचत होते, म्हणाले बरं.

२०२६ च्या मार्च ते मे इथे बेट्रीब्सराटच्या निवडणुका. माझ्याकडे भारतीय पासपोर्ट आहे, त्यामुळे फेब्रुवारी २०२५ ला इथल्या संसदेची निवडणूक झाली तेव्हा मी घरी बसून टीव्ही बघितला. नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेची झाली तेव्हा कळव्याच्या बूथवर प्रत्यक्ष जायला हवं होतं, रजा नव्हती, तेही राहिलं. कंपनीत मात्र पासपोर्ट कोणी विचारत नाही, मत देता येतं, उभंही राहता येतं. म्हणजे जगाच्या पाठीवर मी हक्काने चिठ्ठी टाकते ती जागा म्हणजे ऑफिसचं कँटीन. या वेळी उमेदवारांच्या एका यादीवाल्यांनी मला नाव देतेस का विचारलंय. माझं जर्मन चालू आहे, पण मीटिंगमध्ये तावातावाने भांडण्याइतकं नाही, भांडण मला मराठीतच नीट येतं. अजून कळवलं नाही त्यांना.

आणि आता जे लिहायचं टाळत होते ते. आमचा तिकिटांचा डॅशबोर्ड एकच आहे, इकडचा आणि आमच्याच कंपनीच्या ऐरोलीच्या ऑफिसचा. इकडच्या ओळीत "टीम" असं येतं, खाली काही नाही. ऐरोलीच्या ओळीवर क्लिक केलं की नावं उघडतात. कोणी किती तिकिटं बंद केली, किती वेळ लॉगिन, कितीदा तिकीट परत उघडलं, लाल, पिवळं, हिरवं. समोरच्या महाशयांचं मला काही दिसत नाही, आणि घणसोलीहून शेअर रिक्षाने येणाऱ्या मुलीचं सगळं दिसतं. सोमवारच्या कॉलच्या आधी मी ते उघडते, लीड आहे, उघडायला लागतं. बेट्रीब्सराटमधल्या एकाला मी विचारलं की यांचं काय, तो म्हणाला की आपला कायदा जर्मनीतल्या ऑफिसपुरता, तिकडे आपला हात पोचत नाही. खरंच आहे ते.

मग मी नावाचा कॉलम काढून टाका असं ऐरोलीला सुचवलं, जरा मोठेपणाच्या थाटातच. तिथला मॅनेजर म्हणाला, मॅडम, नावं काढली तर मी अप्रेजल कशावर करू, मला वरून कर्व्ह येतो, दोन जणांना खाली टाकायचंच आहे. ते एक वेळ समजलं. पण त्या टीममधली एक मुलगी नंतर कॉलवर थांबली आणि म्हणाली, मॅडम, नका काढू प्लीज, आकडे आहेत म्हणून निदान दाखवता येतं मी काय केलं ते, नाहीतर सगळं सरांच्या मर्जीवर. मी तिला करार, नॉर्म, सह्या असं काहीबाही सांगायला लागले. ती म्हणाली, बरोबर आहे मॅडम, पण आमच्या बाजूने सही कोण करणार?

मी शेवटी मॅनेजरला एवढंच मेल केलंय की नावं राहू देत, पण तो कॉलम त्या मुलांनाही दिसू दे, स्वतःचा तरी, आणि आकडा चुकीचा वाटला तर त्याखाली त्यांना दोन ओळी लिहायची सोय करा, आणि त्या ओळी अप्रेजलच्या फॉर्मबरोबर पुढे जाऊ देत. त्यावर "विल चेक अँड रिव्हर्ट" आलंय.