चूक-बरोबर खरं नसेल, तर व्हेगन कशाला?

सध्या एक युक्तिवाद बराच फिरतोय. तो थोडक्यात असा: "चूक-बरोबर ही जगात कुठे सापडणारी गोष्ट नाही. वजन मोजता येतं, 'चूक' मोजता येत नाही. व्हेगन, म्हणजे मांसच नाही तर दूध-अंडीही टाळणारा माणूस, म्हणतो की प्राण्यांना मारणं चूक आहे, म्हणजे तो एका अदृश्य सत्यावर श्रद्धा ठेवतो. ती श्रद्धा काढून घ्या, उरते नुसती आवड. आणि आवड दुसऱ्याच्या गळी उतरवायची नसते."

यातली पहिली दोन वाक्यं मलाही मान्य आहेत. जे. एल. मॅकी या तत्त्वज्ञाने 1977 साली वस्तुनिष्ठ मूल्यं नसतातच असं सरळ मांडलं, आणि मला ते पटतं. तरीही मी व्हेगन आहे. अर्थात, एवढ्यावर मुद्दा खोडला जात नाही. माझ्याच डोक्यात गोंधळ असू शकतो. म्हणून एकेक दावा तपासू.

"व्हेगन असणं म्हणजे नैतिक सत्य मानणं." हे कुठून आलं? व्हेगन सोसायटी 1944 च्या नोव्हेंबरमध्ये इंग्लंडमध्ये सुरू झाली. तिची आजची व्याख्या सांगते की प्राण्यांचं शोषण आणि त्यांच्याशी होणारं क्रौर्य शक्य आणि व्यवहार्य असेल तितकं टाळू पाहणारी ही विचारसरणी आणि जगण्याची रीत आहे. काय टाळायचं ते त्यात आहे. नीतीला अधिकार कुठून मिळतो, यावर अवाक्षर नाही.

इतिहास तर उलटीच साक्ष देतो. प्राण्यांच्या बाजूचं आधुनिक काळातलं सर्वांत प्रभावी पुस्तक, 'अ‍ॅनिमल लिबरेशन', तत्त्वज्ञ पीटर सिंगर यांनी 1975 साली लिहिलं. त्या वेळी सिंगर आपले ऑक्सफर्डचे शिक्षक आर. एम. हेअर यांच्या मताचे होते: नैतिक विधानं जगाचं वर्णन करत नाहीत, ती सर्वांना सारखी लागू होणारी आज्ञा असतात. वस्तुनिष्ठ नैतिक सत्याकडे सिंगर वळले ते कित्येक वर्षांनी. पाया बदलला, प्राण्यांबद्दलचं म्हणणं जागच्या जागी राहिलं. (सिंगर काटेकोर व्हेगन नाहीत, हेही सांगून टाकतो.) दुसऱ्या टोकाला जर्मन तत्त्वज्ञ कांट. नीतीचे नियम प्रत्येक विवेकी जिवावर बंधनकारक असतात असं ठामपणे मांडणारा हा माणूस प्राण्यांप्रती आपलं थेट कर्तव्य काहीच नाही असं म्हणत होता. म्हणजे बंधनकारक नीती मानली की माणूस व्हेगन होतोच असं नाही, आणि न मानणाऱ्याचं काही अडतही नाही.

"मग उरते नुसती आवड." खरी गफलत इथे आहे. ती 'आवड' या शब्दात लपलेली असल्यामुळे चटकन दिसत नाही.

अंड्यांच्या धंद्यातली एक गोष्ट जवळून बघा. अंडी देणाऱ्या जातीची नर पिल्लं अंडी देणार नाहीत, आणि मांसासाठी पोसावीत इतकी झपाट्याने वाढतही नाहीत. म्हणून ती उबवण केंद्रातच, बहुतेकदा पहिल्या दिवशी, वेगळी काढली जातात. पट्ट्यावरून पिवळी पिल्लं चिवचिवत पुढे सरकतात आणि टोकाला फिरत्या पात्यांच्या यंत्रात पडतात. काही ठिकाणी पात्यांऐवजी वायू वापरतात. जर्मनीने 2022 पासून या प्रथेवर बंदी घातली. जगात बहुतेक ठिकाणी ती अजून सर्रास चालते.

आता समजा, दोन गोळ्या आहेत. एक घेतली की न आवडणारा रंग आवडू लागेल. मी ती बेलाशक घेईन, माझं काय जातंय? दुसरी घेतली की त्या पट्ट्याचं काही वाटेनासं होईल. ती मी घेणार नाही. कारण मला माझी अस्वस्थता घालवायची नाही, तो पट्टा थांबायला हवा आहे. गोळीने माझी झोप सुधारेल, पिल्लाचं काय? रंगाची आवड माझ्यापुरती असते, माझ्याबरोबर बदलते आणि संपते. दुसऱ्या जिवाचं काय होतं याची काळजी तशी नसते. दोन्ही माझ्याच मनातून येतात हे कबूल. पण मनातून येतं ते सगळं एकाच मापाचं, हे कुणी ठरवलं?

शिवाय हा युक्तिवाद खरा मानला तर तो व्हेगनांपाशी थांबत नाही. वचन पाळणं, मुलाला न मारणं, म्हाताऱ्याला रस्ता ओलांडून देणं, सगळंच 'नुसती आवड' ठरतं. यातलं काहीही करण्याआधी कुणी नीतीच्या अस्तित्वाचा दाखला मागत नाही. तो फक्त व्हेगनांकडेच मागितला जातो, याची मला गंमत वाटते.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे कबूल करायला हवी. काही मांडण्या खरोखरच नैतिक सत्यावर उभ्या आहेत. तत्त्वज्ञ टॉम रेगन यांनी 1983 साली प्राण्यांच्या हक्कांची बाजू मांडताना ज्याला स्वतःचं आयुष्य जाणवतं आणि ते बरं-वाईट जाऊ शकतं, अशा प्रत्येक जिवाला अंगभूत मूल्य असतं असं म्हटलं. ते मूल्य नाकारलं तर त्यांची इमारत डळमळते. आणि ज्याला प्राण्यांच्या वेदनेचं खरोखरच काही वाटत नाही, त्याच्यापुढे माझ्याकडे शेवटचं हत्यार नाही. पण सत्य मानणाऱ्याकडे तरी कुठे आहे? "ते सत्य आहे" असं ऐकून तो माणूस म्हणेल, "असेल, मला काय त्याचं?"

"आवड दुसऱ्याच्या गळी उतरवायची नसते." असा पूर्ण कोरडा माणूस मला फारसा भेटलेलाच नाही. बहुतेकांना प्राण्यांना विनाकारण होणारा त्रास आधीच नकोसा असतो. तिथे पटवायला नवं सत्य लागत नाही. काय घडतं ते दाखवायचं आणि 'विनाकारण' म्हणजे काय ते विचारायचं, इतकंच.

हा युक्तिवाद मला ज्या मित्राने पाठवला, त्याने काही दिवसांपूर्वी कुत्र्याला दगड मारणाऱ्या पोरांना माझ्यादेखत खडसावलं होतं. मी त्याला त्याची आठवण करून दिली. "ते वेगळं," तो म्हणाला. कसं वेगळं, यावर आमचं अजून चालू आहे.