‘काकां’चं उत्तर: जॉर्जियाच्या लेखावरच्या प्रतिक्रियेला

‘तिब्लिसीचा पाहुणा’ यांस,

ज्यांनी तुमची प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी आधी सार देतो. माझ्या लेखात म्हटलं होतं की रग्बीत जॉर्जियासारख्या लहान देशाने आधी घरचा व्यावसायिक संघ उभा करावा, नुसते खेळाडू फ्रान्सला धाडून राष्ट्रीय संघ मोठा होत नाही. त्यावर तुम्ही म्हणता, लेखाचं शीर्षक भडक आहे. ब्लॅक लायन या जॉर्जियाच्या घरच्या व्यावसायिक संघाला तोलामोलाचे प्रतिस्पर्धी मिळत नाहीत. खरी अडचण सिक्स नेशन्स या युरोपातल्या सहा देशांच्या स्पर्धेच्या बंद दाराची आहे. पोर्तुगालने 2023 च्या विश्वचषकात फिजीला 24-23 हरवलं ते फ्रान्समध्ये खेळणाऱ्या पोरांच्या जोरावर. आणि शेवटी: ‘काका, आयुष्यात कधी स्क्रममध्ये मान घातली नसेल, तर निदान प्रॉपच्या कामावर तरी पानं भरू नका.’ (स्क्रम म्हणजे दोन्ही संघांच्या पुढच्या गड्यांनी डोकी-खांदे अडकवून एकमेकांना रेटणं. प्रॉप म्हणजे त्यात पहिल्या फळीच्या टोकाला असणारा गडी.)

शीर्षकाचं मान्य. ‘फ्रान्सने गिळलेला देश’ हे जरा जास्तच झालं होतं. बदलतो.

आता ‘काका’. वयाने असेन, त्याचा राग नाही. पण तुम्ही जॉर्जियाच्या राजधानीत, तिब्लिसीत, मेडिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहात, स्टेडियम हॉस्टेलपासून जवळ आहे, एवढ्या भांडवलावर समोरच्याने काय केलंय आणि काय नाही हे तुम्ही परस्पर ठरवून टाकलंत, याची मला खरंच गंमत वाटली. एक ओळ टाकून विचारलं असतंत तरी सांगितलं असतं.

मी टाइटहेड, म्हणजे पहिल्या फळीतला उजवा प्रॉप होतो. मुंबईत, क्लबकडून, आणि तेही पावसाळ्यात, कारण आपल्याकडे रग्बीचा हंगामच पावसाळ्याचा. आझाद मैदानासमोर जिमखान्याच्या हिरवळीचा सामन्याच्या दुसऱ्या अर्धात काय राडा होतो ते तुम्हाला यूट्यूबवर दिसणार नाही. कान सोलवटू नयेत म्हणून आम्ही डोक्याभोवती वायरिंगची काळी टेप गुंडाळायचो आणि सामना संपल्यावर ती केसांसकट ओढून काढायचो. तेव्हा स्क्रम भिडवताना रेफरी ‘क्राउच, टच, पॉज, एंगेज’ म्हणायचा. आजचं ‘क्राउच, बाइंड, सेट’ 2013 नंतरचं. त्या ‘पॉज’मध्ये समोरच्या लूजहेडचा, म्हणजे डाव्या प्रॉपचा, श्वास गालावर लागायचा. टाइटहेडचे दोन्ही खांदे अडकलेले, डोकं समोरच्या हूकर (फळीतला मधला गडी) आणि लूजहेडच्या मध्ये, आणि तो लूजहेड तुमच्या छातीखाली शिरून वर रेटतोय. माझा डावा कान आजही मुडपलेला आहे. लग्नाच्या फोटोत फोटोग्राफरने मला मुद्दाम उजवीकडून घेतलं. तेव्हा मान कोणी कुठे घातली, हे मला शिकवू नका.

आणि मान घातली म्हणूनच सांगतो. प्रॉप घडतो तो मार खाऊन. एकोणीस-वीस वर्षांचं जॉर्जियन पोर फ्रान्समध्ये जातं, दर आठवड्याला तिशी ओलांडलेल्या दांडग्यांशी भिडतं आणि पाचेक वर्षांत लोखंड होऊन बाहेर पडतं. जॉर्जियाचा प्रॉप झिराकाश्विली क्लेरमाँ या फ्रेंच क्लबात असाच मोठा झाला. पण फ्रेंच क्लबांना जॉर्जियातून मुख्यतः पहिल्या फळीचाच माल हवा असतो. दहा नंबरची, म्हणजे खेळ चालवणाऱ्या फ्लाय-हाफची, जर्सी ते सहसा दुसऱ्याला देतात. फ्लाय-हाफ काही बाकावर बसून घडत नाही. त्याला शेवटच्या दोन मिनिटांत, सामना हातातून निसटत असताना, निर्णय घ्यायची सवय असावी लागते. ही सवय 2021 पासून ब्लॅक लायन देतोय.

19 नोव्हेंबर 2022, कार्डिफ. जॉर्जियाने वेल्सला 13-12 हरवलं. शेवटची पेनल्टी मिळाली ती स्क्रमच्या रेट्यावर, हे तुम्ही लिहिलंत आणि बरोबर लिहिलंत. पण ती मारली कोणी? बदली म्हणून आलेल्या लुका मात्कावाने, आणि तो ब्लॅक लायनचा खेळाडू होता. तुम्ही अर्धंच वाक्य सांगता आणि वर मलाच अर्धवट म्हणता! फिजीचंही तेच. त्यांचा व्यावसायिक संघ द्रुआ 2022 मध्ये सुपर रग्बी या ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडच्या क्लब स्पर्धेत उतरला आणि पुढच्याच वर्षी फिजीने इंग्लंडच्याच ट्विकनम मैदानावर इंग्लंडला 30-22 लोळवलं. चिलीकडे सेल्कनाम हा घरचा व्यावसायिक संघ नसता तर 2022 मध्ये अमेरिकेला दोन सामन्यांच्या बेरजेत 52-51 असं एका गुणाने मागे टाकून तो पहिल्यांदा विश्वचषकात पोचलाच नसता, असं माझं ठाम मत आहे. हे सगळं लेखात होतं. पण वाचायचं कोणी?

पोर्तुगालबद्दल एवढंच, की एका सामन्यावर धोरण ठरवत नाहीत. (कार्डिफचा सामनाही एकच होता, असं कोणीतरी खाली लिहीलच. लिहा.) आणि हो, त्याच स्पर्धेत पोर्तुगालने जॉर्जियाला 18-18 असं रोखलं, जॉर्जिया गटात तळाला गेला, हे मी लेखात दिलं नाही कारण लेख त्याबद्दल नव्हता.

प्रतिस्पर्ध्यांचं म्हणाल, तर ब्लॅक लायन आता चॅलेंज कपमध्ये युरोपातल्या क्लबांशी खेळतो. तिथे हरतोही. हरू दे की.

राहिलं सिक्स नेशन्स. इटलीला 2000 मध्ये आत घेतलं, त्यानंतर दार लावलं ते लावलंच. खालून वर यायची सोय नाही, वरून खाली जायचं भय नाही. यात अन्याय आहे हे शेंबडं पोरही सांगेल, त्यासाठी तिब्लिसीत राहावं लागत नाही. मात्र जुलै 2022 मध्ये जॉर्जियाने बातुमीत इटलीला 28-19 हरवलं तेव्हा कोणी दार उघडायला आलं नव्हतं. मग तोवर जॉर्जियाने करायचं काय, हा माझा प्रश्न होता, आणि तुमच्या एवढ्या लांबलचक प्रतिक्रियेत त्यावर एक शब्द नाही. तुमच्याकडे उत्तर असेल तर जरूर लिहा, छापतो. फक्त ‘काका’ वगळून.