99 टक्के पठाणांनी पाकिस्तान निवडलं?

ऑगस्ट जवळ आला की व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर फिरू लागतो. त्याचं म्हणणं असं: भारत की पाकिस्तान हे ठरवणाऱ्या 1947 च्या सार्वमतात वायव्य सरहद्द प्रांतातल्या (आजच्या पाकिस्तानातला पठाणांचा मुलूख) 99 टक्के लोकांनी पाकिस्तानला कौल दिला, म्हणजे तिथले अहिंसावादी नेते खान अब्दुल गफार खान यांच्या मागे माणसं नव्हतीच. 'सरहद्द गांधी' हे काँग्रेसने उभं केलेलं चित्र, आणि पठाणांची अहिंसा म्हणजे हाती बंदूक नव्हती म्हणून घेतलेलं सोंग. हे वाचून मला राग येतो, कारण ज्यांनी गोळ्या खाल्ल्या त्यांनाच यात खोटं पाडलं आहे.

99 हा आकडा खरा आहे, पण तो पडलेल्या मतांपैकी आहे. मतदार होते 5,72,798. पाकिस्तानला मतं पडली 2,89,244 आणि भारताला 2,874. एकूण मतदारांशी ताडून पाहिलं तर पाकिस्तानचा कौल साडेपन्नास टक्के भरतो. जे आले नाहीत ते सगळेच बहिष्कारवाले होते असं मी म्हणणार नाही. कुठल्याही मतदानात काही लोक घरी राहतातच. पण बहिष्कार होता, आणि तो गफार खान यांनी उघडपणे पुकारला होता. 21 जून 1947 ला बन्नूमध्ये त्यांच्या लोकांनी ठराव केला की पठाणांना स्वतंत्र पख्तुनिस्तानचा, म्हणजे त्यांच्या वेगळ्या देशाचा, पर्यायही हवा. तो मिळाला नाही. मध्ये पश्चिम पंजाब पाकिस्तानात जात असताना भारताला मत देऊन करायचं काय? शिवाय तेव्हा सर्वांना मताधिकार नव्हता. तीस लाखांच्या प्रांतात मतदार पावणेसहा लाख.

माणसं मागे होती की नाही, हे 1946 च्या निवडणुकीत दिसतं. 50 पैकी 30 जागा काँग्रेसला, 17 मुस्लिम लीगला. मुसलमानांसाठी राखीव जागांतही काँग्रेसच्या 19 होत्या. वर्षभरात वारं फिरलं, हेही खरं. दंगलींनंतर आणि लीगच्या आंदोलनानंतर पुष्कळ लोक तिकडे गेले.

आता अहिंसेचं. ज्यांना बंदूक हवी होती त्यांच्या हाती ती होतीच. शेजारच्या वझिरिस्तानात फकीर इपी 1936 पासून इंग्रजांशी हत्यारांनी लढत होता. बदला हा जिथे अब्रूचा प्रश्न, तिथे 1929 साली उभ्या राहिलेल्या खुदाई खिदमतगारांनी, म्हणजे गफार खान यांच्या संघटनेच्या स्वयंसेवकांनी, सूड न घेण्याची शपथ घेतली. पांढरे कपडे लवकर मळतात म्हणून त्यांनी ते विटकरी रंगात बुडवले, आणि सरकारने 'लाल डगलेवाले' म्हणत त्यांना बोल्शेविक, म्हणजे रशियन कम्युनिस्टांचे साथीदार, ठरवायचा प्रयत्न केला. 23 एप्रिल 1930 ला पेशावरच्या किस्साख्वानी बाजारात निःशस्त्र जमावावर चिलखती गाड्या घातल्या, गोळीबार केला. गढवाल रायफल्सच्या जवानांनी गोळी झाडायला नकार दिला. त्यांच्यातले चंद्रसिंह गढवाली यांना त्यासाठी जन्मठेप झाली. सैनिकाने स्वतःचं आयुष्य पणाला लावावं, असं काय दिसलं असेल त्याला समोर?

चित्र काँग्रेसने उभं केलं म्हणणाऱ्यांनी गफार खान यांच्या तुरुंगवासाकडे पाहावं. 1934 मध्ये हजारीबागच्या तुरुंगातून सुटल्यावर प्रांतात जायला बंदी, म्हणून ते वर्ध्याला गांधीजींजवळ राहिले. मुंबईतल्या एका भाषणाबद्दल त्यांना डिसेंबरमध्ये वर्ध्यातच पुन्हा पकडलं आणि दोन वर्षांची शिक्षा दिली. पुढे काँग्रेसनेच फाळणीची योजना मान्य केली, तेव्हा आपल्याला लांडग्यांपुढे टाकलं, असं त्यांनी गांधीजींना आणि सहकाऱ्यांना सुनावलं. काँग्रेसने घडवलेली बाहुली असं बोलत नाही.

पाकिस्तान झाल्यावर फेब्रुवारी 1948 मध्ये त्यांनी तिथल्या घटना समितीत निष्ठेची शपथ घेतली. जूनमध्ये ते पुन्हा गजाआड होते. 12 ऑगस्टला चारसद्द्याजवळ बाबरा इथे त्यांच्या सुटकेसाठी जमलेल्या निःशस्त्र लोकांवर पाकिस्तानी पोलिसांनी गोळ्या झाडल्या. सरकारने मृतांचा आकडा अगदी थोडा सांगितला. खुदाई खिदमतगारांच्या मते तो सहाशेच्या आसपास होता.