आधी कंपेलला फलक लावा

आमच्या इंदूरच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर ३ मार्च (इंदूरच्या सनदेचा दिवस) आणि ३१ मे (अहिल्याबाईंची जयंती) जवळ आले की एकच वाद पेटतो: इंदूर वसवलं कोणी? एक बाजू म्हणते, इथले जमीनदार राव नंदलाल मंडलोई यांनी. १७१६ची सनद आहे, नंदलालपुरा आजही त्यांच्याच नावाने आहे. दुसरी बाजू म्हणते, होळकर नसते तर इंदूर कुणाला माहीत झालं असतं? अहिल्याबाईंच्या त्रिशताब्दीच्या वर्षी, २०२५मध्ये, हा वाद फारच कडू झाला. एका काकांनी तर ग्रुपच सोडला.

मी राहतो टेक्सासमध्ये. सॅन अँटोनिओच्या पश्चिमेला मेडिना नदीकाठी कॅस्ट्रोव्हिल नावाचं छोटं गाव आहे. आँरी कास्त्रो या फ्रेंच माणसाने टेक्सास स्वतंत्र प्रजासत्ताक असताना सरकारशी करार केला आणि १८४४ साली फ्रान्सच्या सीमेवरच्या अल्सास प्रांतातली कुटुंबं इथे आणून वसवली. माळव्यातल्या मराठी घरांसारखीच या लोकांनी आपली बोली पिढ्यानपिढ्या घरात जपली. राज्यात अशा गावांच्या रस्त्यांवर गावाचा इतिहास सांगणारे ॲल्युमिनियमचे ओतीव फलक दिसतात. ते कुणीही उठून लावू शकत नाही. आधी पुराव्यांसकट इतिहास लिहून काउंटीच्या इतिहास समितीपुढे ठेवायचा, मग राज्याचा आयोग तो तपासतो, आणि शेवटचा मजकूर आयोगच ठरवतो. मला ही पद्धत मनापासून पटते. सनद आहे म्हणता? मग ती टेबलावर ठेवा.

पण इथलं सगळंच आदर्श नाही. वस्तीच्या फलकांवरची गोष्ट बहुधा गोरे वसाहतवाले आले तिथून सुरू होते. कोमांची आणि लिपान अपाची हे मूळ अमेरिकन लोक या मुलखात त्याआधीपासून वावरत होते. त्यांना त्यात जागा मिळालीच तर हल्ला करणारे म्हणून. हे वाचताना मला राग येतो, आणि इंदूरच्या वादातली तीच खोट दिसते.

नंदलाल असोत की मल्हारराव, दोन्ही बाजूंना संस्थापक म्हणून एकच माणूस हवा आहे. परगण्याचं ठाणं इंदूरला येण्याआधी जवळच्या कंपेल गावी होतं. माळव्याचा मुलूख पेशव्यांकडून मल्हाररावांकडे आला तो त्यानंतर. अहिल्याबाईंनी १७६७ ते १७९५ कारभार केला तो मुख्यतः महेश्वरहून. इंदूर राजधानी झालं इंग्रज आणि होळकर यांच्यातल्या १८१८च्या मंदसौर तहानंतर. एवढ्या सगळ्यातून उभं राहिलेलं शहर एका सनदेच्या किंवा एका घराण्याच्या नावावर कसं मांडायचं? अहिल्याबाईंचं मोठेपण तर वेगळंच आहे. त्यांना गावाच्या संस्थापक ठरवून त्यात काही भर पडत नाही.

इंदूरच्या पूर्वेला असलेलं कंपेल या वादात कुणाच्या तोंडी येत नाही. तिथले शेतकरी, बाजारकरी, ठाणं हलल्यावर मागे राहिलेले लोक कुणाच्याच भाषणात नसतात. म्हणून माझं म्हणणं आहे की पहिला फलक राजवाड्यासमोर नको, कंपेलच्या रस्त्यावर हवा. हिंदी, माळवी आणि मराठीत, तारखांसह. मजकूर तपासायला इतिहासाचे अभ्यासक असावेत, दोन्ही बाजूंचे लोक असावेत, आणि कंपेलच्या ग्रामसभेत तो वाचून दाखवल्याशिवाय कायम करू नये. खर्चाचं म्हणाल, तर आम्ही बाहेरची इंदूरकर मंडळी वर्गणी काढायला तयार आहोत. मजकुरात मात्र आमचा शब्द चालता कामा नये.