टपालखात्याचा आरोप : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

प्रतिक्रिया सडेतोड लिहिलीत, त्यामुळे उत्तरही हातचं राखून देत नाही. माझं म्हणणं असं होतं की भाषा तयार विचारांची नुसती ने-आण करत नाही, विचार घडण्यातच तिचा हात असतो. आणि भाषा एकट्याची नसल्यामुळे नवनिर्मितीही निव्वळ एकट्याची नसते. त्यावर तुमचे आक्षेप दोन. एक, विचार आधी मनात पुरा तयार होतो आणि भाषा हे फक्त टपालखातं. खुद्द आइनस्टाइनही शब्दांत विचार करत नसत. दोन, सर्जन हे एकट्याचंच काम, समाज त्यात खोडा घालण्यापलीकडे काही करत नाही. वर ‘हे सगळे शब्दांचे बुडबुडे, पुरावा कुठाय?’ असा टोलाही हाणलाय. मग पुराव्याचंच बोलू.

आधी तुमच्या बाजूचा पुरावा देतो, कारण तो तुम्ही दिलाय त्यापेक्षा भक्कम आहे. मेंदूला इजा होऊन ज्यांचं व्याकरण पार गेलंय, अशा तीन रुग्णांची तपासणी संशोधक रोझमेरी वार्ली आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केली. सिंहाने माणसाला मारलं की माणसाने सिंहाला, असा फरक वाक्यावरून त्यांना धड ओळखता येत नव्हता. पण मोठ्यातून लहान वजा करायचं की लहानातून मोठं, यात मात्र त्यांची गल्लत होत नव्हती. म्हणजे वाक्यातला क्रम हातचा गेला आणि गणितातला शाबूत राहिला. शब्दावाचून ज्ञानच नाही, हे प्राचीन व्याकरणकार भर्तृहरीचं मत मला म्हणूनच जसंच्या तसं मान्य नाही. चेहरा ओळखणं, सूर लागला की नाही ते कळणं, घसरता पाय सावरणं, यातलं काहीच शब्दांची वाट बघत थांबत नाही. इथवर आपलं एकमत आहे.

आइनस्टाइन यांचं म्हणाल, तर तुम्ही त्यांचं अर्धंच म्हणणं दिलंत. गणितज्ञ जाक आदामार यांच्या प्रश्नावलीला त्यांनी दिलेलं उत्तर १९४५ मध्ये छापून आलं. आपल्या विचारप्रक्रियेत शब्दांना काही स्थान दिसत नाही, चिन्हं आणि प्रतिमा असतात, असं त्यात आहेच. पण पुढे असंही आहे की शब्द नंतरच्या टप्प्यावर कष्टाने शोधावे लागतात. मजकूर आधीच लिहून तयार असता, तर त्याला पाकिटात घालायला कष्ट कसले पडले असते? शब्द शोधताना काय होतं, हे काहीही गंभीरपणे लिहिणाऱ्याला ठाऊक असतं. मनात लखलखीत वाटलेलं कागदावर लंगडायला लागतं, दोन पायऱ्यांमधली तिसरी गायब असल्याचं ध्यानात येतं, कधी अख्खी कल्पनाच पोकळ निघते. ही छाननी विचाराच्या बाहेरची आहे असं म्हणायचं असेल, तर ‘विचार’ कशाला म्हणायचं हे तुम्हाला नव्याने ठरवावं लागेल.

आता माझ्या बाजूचा पुरावा.

१९७० च्या दशकापर्यंत मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वा या देशातली कर्णबधिर मुलं आपापल्या घरात विखुरलेली होती. घरच्यांशी बोलण्यापुरत्या खुणा, त्याही ज्याच्या त्याच्या. १९७७ मध्ये राजधानी मानाग्वात त्यांच्यासाठी विशेष शिक्षणाचं केंद्र सुरू झालं आणि १९८० मध्ये थोड्या मोठ्या मुलांसाठी व्यवसाय शिकवणारी शाळा. शिक्षकांचा सगळा जोर ओठ वाचून स्पॅनिश शिकवण्यावर. त्यात फारसं यश आलं नाही. पण खेळाच्या मैदानावर, शाळेच्या बसमध्ये मुलांनी आपापल्या खुणा एकमेकांत मिसळल्या. पुढच्या वर्षांत दाखल झालेल्या लहान मुलांनी तो कच्चा माल उचलला आणि त्यातून रीतसर व्याकरण असलेली भाषा उभी राहिली. ती कुणी शिकवलेली नव्हती. मुलं काय बोलताहेत हे मोठ्यांना उमगेना, म्हणून १९८६ मध्ये ज्युडी केगल या भाषाशास्त्रज्ञ बाईंना बोलावून घ्यावं लागलं.

खरी गंमत पुढे आहे. पहिल्या तुकडीतल्या, आता मोठ्या झालेल्या माणसांच्या भाषेत ‘त्याला वाटतं’, ‘तिला माहीत आहे’ अशा खुणा फार थोड्या होत्या. जेनी पायर्स आणि अ‍ॅन सेंगस या संशोधकांनी त्यांना एक चाचणी दिली. गोष्ट चित्रांची. एकजण खेळणं ठेवून जातो, त्याच्या पाठीमागे दुसरा ते भलतीकडे हलवतो. पहिला परत आल्यावर कुठे शोधेल, ते चित्र निवडायचं. चार-पाच वर्षांचं मूल याचं उत्तर सहसा बरोबर देतं. ही धडधाकट, मिळवती माणसं चुकत होती. प्रश्नच कळला नाही म्हणावं, तर चाचणीत भाषेचा भाग जवळपास नव्हता. धाकट्या तुकडीची भाषा अधिक संपन्न होती आणि तिला हे जमत होतं. पुढच्या दोनेक वर्षांत थोरली मंडळी धाकट्यांमध्ये मिसळली, त्यांच्याकडून त्या खुणा उचलल्या आणि त्यांची उत्तरंही सुधारली. हे संशोधन २००९ मध्ये प्रसिद्ध झालं.

दुसऱ्याच्या मनात आपल्यापेक्षा वेगळं, चुकीचंही काही असू शकतं, हे ओळखण्याची कुवत वयाने आपोआप येते असं आपण धरून चालतो. इथे ती पंचविशी-तिशीत, आपल्याहून लहानांकडून, भाषेच्या वाटेने आली. कुठलं टपालखातं असं करतं?

तुमच्या दुसऱ्या आक्षेपालाही याच मुलांकडे उत्तर आहे. एक अख्खी नवी भाषा घडवणं यापेक्षा मोठं सर्जन मला तरी माहीत नाही, आणि तिला कर्ता नाही. एकेकटी असताना यातल्या एकाही मुलाने घरी ती घडवली नव्हती. बुद्धी तीच होती, कमी होती ती समोरच्याची. ‘हे सामूहिक झालं, प्रतिभावंताचं काय?’ असं तुम्ही विचाराल. पुन्हा आइनस्टाइनच घ्या. सापेक्षतेवरच्या १९०५ च्या शोधनिबंधात संदर्भसूची नाही, पण शेवटी आभार आहेत ते एका माणसाचे, पेटंट कार्यालयातले सहकारी मिकेले बेसो यांचे. बेसोंशी बोलता बोलता गुंता सुटल्याचं आइनस्टाइन यांनीच १९२२ मध्ये क्योटोतल्या भाषणात सांगितलं. कल्पना बेसोंची होती असं कुणीच म्हणत नाही. पण ऐकणारा आणि अडवणारा माणूस समोर होता.

समाज गळचेपी करतो, हे मात्र नाकारायचं कारणच नाही. कधी तो नुसता बहिरा असतो. आनुवंशिकतेचा नियम मांडणारा मेंडेलचा वाटाण्यावरचा निबंध १८६६ मध्ये छापला गेला आणि १९०० पर्यंत जवळपास दुर्लक्षित राहिला. तुम्ही याला एकट्याच्या सर्जनाचा विजय म्हणाल. मला दिसतात ती वाया गेलेली ३४ वर्षं. नियम तेव्हाही खराच होता, पण त्याच्यावर कुणाला काही रचता आलं नाही.

तुमचा एक मुद्दा मात्र अजून शिल्लक आहे, आणि तो मला खरंच सतावतो. निकाराग्वातल्या त्या थोरल्या मंडळींचं आधी काय होतं? चाचणीत चुकत होती, तरी संसार करत होती, कामधंदा करत होती. त्यांना रोजच्या व्यवहारात दुसऱ्याची चूक दिसतच नसेल, यावर माझा विश्वास बसत नाही. मग त्या खुणांनी त्यांना नवी समज दिली, की आतलीच अंधुक समज हवी तेव्हा वापरता येईल अशी केली? माझा कल दुसऱ्या शक्यतेकडे आहे. तुम्ही पहिलं म्हणालात तर टपालखातं निकालात निघतं, आणि दुसरं म्हणालात तर थोडंफार तगतं. तुमचं यावर काय म्हणणं आहे ते जरूर लिहा.