दहा रणगाडे ‘एकट्याने’? खेत्रपालांच्या नावाने फिरणाऱ्या मजकुराला उत्तर

दर डिसेंबरात एक मजकूर मोबाइलवर फिरतो. सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांनी १९७१ च्या युद्धात एकट्याने शत्रूचे दहा रणगाडे उडवले, वरिष्ठांचा आदेश धुडकावला आणि देश मात्र त्यांना विसरला, असा त्याचा आशय. पाठवणाऱ्यांची भावना खरी असते, यात मला शंका नाही. पण तिन्ही विधानांत खोट आहे.

आधी दहाचा आकडा. १६ डिसेंबर १९७१ रोजी पाकिस्तानातल्या शकरगढ भागात, बसंतर नदीपलीकडे जरपालजवळ पूना हॉर्स या रणगाडा रेजिमेंटच्या ‘बी’ स्क्वाड्रनवर पाकिस्तानी रणगाडे चालून आले. मदतीची हाक आली तेव्हा ‘ए’ स्क्वाड्रनमधले खेत्रपाल आपली तुकडी घेऊन निघाले. वाटेत शत्रूच्या ठाण्यांवरून मारा होत होता, तो मोडून काढत ते पुढे पोहोचले. नंतरचा मोठा हल्ला झाला तो आपले तीनच रणगाडे असलेल्या जागेवर. खेत्रपालांच्या बरोबर तिथे कॅप्टन मल्होत्रा आणि लेफ्टनंट अहलावत होते. त्या झुंजीत शत्रूचे दहा रणगाडे नष्ट झाले, त्यांतले चार खेत्रपालांनी टिपले, असे त्यांच्या परमवीरचक्राच्या मानपत्रातच लिहिले आहे. एकवीस वर्षांचा, कमिशन मिळून सहाच महिने झालेला अधिकारी चार रणगाडे नष्ट करतो, तेही स्वतःचा रणगाडा पेटलेला असताना लढत राहून. यात आणखी सहा कशासाठी मिळवायचे? ते सहा इतरांच्या वाट्याचे आहेत.

‘एकट्याने’ हा शब्द तर मला आकड्यापेक्षाही जास्त खुपतो. खेत्रपालांचा होता तसा सेंच्युरियन रणगाडा चौघे मिळून लढवतात. कमांडर लक्ष्य शोधून हुकूम देतो, तोफची नेम धरून तोफ डागतो, तिसरा गोळे भरतो आणि वायरलेसही सांभाळतो, चालक खाली बसून पन्नासेक टनांचे ते धूड हलवतो. यातला एक जण थांबला की तोफ तरी थांबते, नाहीतर रणगाडा तरी. खेत्रपालांच्या ‘फामागुस्ता’ नावाच्या रणगाड्यावर तोफची सवार (हा जवानाचा हुद्दा) नथू सिंग होते, चालक सवार प्रयाग सिंग आणि वायरलेसवर सवार नंद सिंग. नंद सिंग त्याच रणगाड्यात, त्याच दिवशी मारले गेले. दरवर्षी हजारो लोक ज्या लढाईपुढे मान झुकवतात, तिच्या वर्णनात त्यांचे नावही येत नाही, हे मला सहन होत नाही.

आता आदेशाचे. रणगाडा पेटला तेव्हा तो सोडून बाहेर पडा, असे त्यांना सांगितले गेले आणि त्यांनी नकार दिला, इथपर्यंत खरे आहे. पण ‘धुडकावला’ म्हटले की डोक्यात राख घालून घेतलेल्या तरुणाचे चित्र उभे राहते. तोफ अजून चालते आहे, हे त्यांनी वायरलेसवर कळवले होते. शत्रू पुढे सरकत होता आणि आपण हटलो तर त्याला इथून वाट मिळेल, हे त्यांनी ओळखले होते. हाच हिशेब मानपत्रात नोंदवला आहे. त्यानंतर त्यांनी आणखी एक रणगाडा टिपला, मग दुसरा गोळा लागला आणि त्यात ते गेले.

देश विसरला, हे तर साफ चूक. परमवीरचक्र मिळाले, खडकवासल्याच्या एनडीएतल्या परेड मैदानाला त्यांचे नाव आहे, २०२३ मध्ये अंदमानातल्या एका बेटाला दिले गेले. जन्म त्यांचा पुण्याचा, आणि ‘फामागुस्ता’ही महाराष्ट्रातच, अहिल्यानगरच्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये जपून ठेवलेला आहे.

तेव्हा येत्या १६ डिसेंबरला पाठवायचेच असेल, तर एवढे पाठवा: “तीन रणगाड्यांनी शत्रूचे दहा रणगाडे रोखले. त्यांतले चार सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांच्या रणगाड्याने नष्ट केले. खेत्रपाल आणि सवार नंद सिंग तिथेच कामी आले. तोफेवर नथू सिंग होते, चालक प्रयाग सिंग.”